डासनियंत्रणाच्या छोट्या संशोधनासाठी अनुदान कसे मागावे: मराठवाड्यातील नवख्या अर्जदारांसाठी

ज्या वस्तीत नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येते, त्या वस्तीतील प्रत्येक घरात हौद, रांजण, प्लॅस्टिकचे ड्रम, गच्चीवरची टाकी आणि पाहुण्यांसाठी म्हणून वेगळा भरून ठेवलेला माठ अशी पाण्याची पाच-सहा ठिकाणे सापडतात. एडिस इजिप्ती हा डेंग्यू व चिकुनगुन्याचा प्रसार करणारा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि उष्ण हवेत अंड्यापासून पूर्ण वाढलेला डास होण्यास त्याला साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात. नळाचे वेळापत्रक आणि डासाचे वेळापत्रक हे असे जुळून आल्यामुळे मराठवाड्यात, पावसाने ओढ दिलेल्या वर्षीही, डेंग्यूचे रुग्ण आढळतात. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा घरोघरी किती भांडी भरून ठेवली जात असतील याचा विचार केला, तरी संशोधनासाठी विषय शोधत दूर जाण्याची गरज नाही हे लक्षात येते. अडचण विषयाची नसते, त्या विषयातून लाखभर रुपयांत आणि वर्षभरात उत्तर देता येईल असा एक प्रश्न वेगळा काढण्याची असते, आणि बहुतेक नवखे प्रस्ताव नेमके तेथेच अडखळतात.

हा लेख वैद्यकीय महाविद्यालयांतील विद्यार्थी व तरुण अध्यापक, प्राणिशास्त्राचे प्राध्यापक, प्राथमिक आरोग्य केंद्रांतील वैद्यकीय अधिकारी आणि गावपातळीवर काम करणाऱ्या संस्था यांच्यासाठी आहे.

पहिली पायरी: प्रश्न लहान करणे

माझ्या पहिल्या प्रस्तावाचे शीर्षक ‘मराठवाड्यातील डेंग्यूचे प्रमाण, कारणे व नियंत्रण’ असे होते. मागितलेली रक्कम एक लाख, कालावधी एक वर्ष आणि कार्यक्षेत्र आठ जिल्हे! प्रस्ताव परत आला, तेव्हा कार्यपद्धतीच्या पानावर समासात पेन्सिलीने दोनच शब्द लिहिलेले होते: ‘किती घरे?’ त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, कारण मी घरांचा विचारच केलेला नव्हता. मी जिल्ह्यांचा विचार करत बसलो होतो.

प्रश्न लहान कसा करावा याचे एक उदाहरण नांदेड जिल्ह्यातून घेता येईल. हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी या गावाने उघड्या गटारांऐवजी घरोघरी शोषखड्डे घेतले आणि डासमुक्त गाव म्हणून ते राज्यभर ओळखले जाऊ लागले. पुढे शोषखड्ड्यांची ही पद्धत अनेक गावांनी उचलली. आता येथे कीटकशास्त्राची थोडी माहिती असलेला मनुष्य लगेच थांबतो. सांडपाण्याच्या गटारात प्रामुख्याने क्युलेक्स डास वाढतो. हत्तीरोगाचा प्रसार करणारा आणि रात्री कानाशी गुणगुणून झोप उडवणारा डास तो हाच. डेंग्यूचा एडिस मात्र गटारात सहसा वाढत नाही, तो रांजणात आणि कूलरच्या टाकीत वाढतो. त्यामुळे ‘शोषखड्डे घेतलेल्या गावात साठवणीच्या भांड्यांतील एडिसच्या अळ्यांचे प्रमाण शेजारच्या, शोषखड्डे नसलेल्या गावापेक्षा वेगळे आहे का?’ हा प्रश्न दोन गावांत, एका हंगामात आणि मोजक्या पैशांत सोडवता येतो. उत्तर ‘वेगळे नाही’ असे आले तरी ते उपयोगी आहे, कारण डास कमी झाले म्हणून डेंग्यूही जाईल असा जो समज गावात तयार होतो, तो ते तपासून पाहते.

याच पद्धतीने इतरही प्रश्न काढता येतात. आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळून सर्व भांडी रिकामी करावीत, असे आरोग्य विभाग सांगतो, परंतु जेथे पाणीच दहाव्या दिवशी येते तेथे सातव्या दिवशी हौद कोण ओतून देईल? मग रिकामे करण्याऐवजी जुन्या साडीच्या दुहेरी कापडाने तोंड बांधलेल्या रांजणात अळ्या किती सापडतात आणि नुसते ताट झाकलेल्या रांजणात किती, हे मोजणे अधिक उपयोगाचे ठरते. अबेटिंग केलेल्या, म्हणजे टेमेफॉस हे अळीनाशक टाकलेल्या हौदात किती दिवसांनी पुन्हा अळ्या दिसू लागतात, आणि नवे पाणी भरल्यावर तो कालावधी किती कमी होतो, हाही असाच एक चांगला प्रश्न आहे. हौदात सोडलेले गप्पी मासे उन्हाळा संपेपर्यंत किती घरांत जिवंत राहतात, हे तर कोणी फारसे मोजतही नाही.

दोन प्रकारचे विषय टाळावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिला म्हणजे केवळ ज्ञान, दृष्टिकोन व वर्तन यांची प्रश्नावली. ‘आपण पाणी झाकून ठेवता का?’ असे विचारले की दहापैकी नऊ घरांत ‘हो’ असेच उत्तर मिळते, आणि त्याच घरात न्हाणीघरामागच्या ड्रममध्ये बॅटरीचा झोत टाकला की अळ्या वळवळताना दिसतात. प्रश्नावली घ्यायचीच असेल तर तिच्या जोडीला भांड्यांची प्रत्यक्ष तपासणी ठेवावी. दुसरा विषय म्हणजे वोल्बाकिया, म्हणजे डासाच्या शरीरात डेंग्यूच्या विषाणूची वाढ रोखणारा जिवाणू. पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरने वोल्बाकिया जिवाणू असलेल्या एडिस डासांचे दोन वाण विकसित केले आहेत, ते काम अतिशय महत्त्वाचे आहे, परंतु त्याला कीटकशाळा, वर्षानुवर्षांचा वेळ आणि सरकारी परवानग्या लागतात. लहान अनुदानाच्या अर्जात तो शब्द आला की परीक्षकाला अर्जदाराचा अंदाज चुकल्याचे कळते.

दुसरी पायरी: पैसा कोणत्या दारी मागायचा

एमबीबीएस व बीडीएसच्या विद्यार्थ्यांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजना आहे. ती एसटीएस या नावाने ओळखली जाते. दोन महिन्यांचे काम, एक मार्गदर्शक, वेळेत दिलेला अहवाल, एवढ्यावर ती चालते, आणि सुरुवात करण्यासाठी याहून चांगली शाळा नाही. आरोग्य विज्ञानाच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी व अध्यापकांनी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या संशोधन अनुदानाची परिपत्रके पाहावीत. कला-विज्ञान महाविद्यालयांतील प्राध्यापकांनी छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ किंवा नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, आपण ज्याला संलग्न असू, तेथील संशोधन विभागात प्रत्यक्ष जाऊन लघु प्रकल्पांची चौकशी करावी. संकेतस्थळावर नसलेली माहिती तेथील लिपिकाच्या टेबलावर असते, हा आपला सर्वांचाच अनुभव आहे. विद्यार्थ्यांच्या ‘आविष्कार’ स्पर्धेत पैसा फारसा नसला तरी आपला प्रश्न परक्या परीक्षकांसमोर मांडण्याचा सराव होतो. स्थानिक समस्येवर तंत्रज्ञानाचा उपाय सुचवणारा प्रकल्प असेल, तर राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाचाही विचार करता येतो.

आयसीएमआरच्या ‘लहान’ अनुदानाने मात्र फसू नये. तेथे लहान याचा अर्थ दोन कोटी रुपयांपर्यंतचा आणि तीन वर्षांपर्यंतचा प्रकल्प असा आहे. पूर्वीचे काम व प्रकाशने पाठीशी नसताना तेथे पहिलाच अर्ज करणे म्हणजे वेळ घालवणे होय.

परदेशी संस्थांची छोटी अनुदाने दिसायला आकर्षक असतात, पण स्वयंसेवी संस्थेकडे परकीय अंशदान नियमन कायद्याखालील नोंदणी नसेल तर तो पैसा घेता येत नाही, आणि परदेशी सहकार्याच्या आरोग्य संशोधनासाठी आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यताही लागते. नवख्याने या वाटेला एकट्याने जाऊ नये.

तिसरी पायरी: किती घरे, किती फेऱ्या, कोणता महिना

हा भाग सर्वांत जास्त वेळ घेतो आणि अर्जाचे भवितव्यही येथेच ठरते. एडिसच्या सर्वेक्षणात तीन निर्देशांक प्रचलित आहेत. तपासलेल्या शंभर घरांपैकी किती घरांत अळ्या सापडल्या तो घर निर्देशांक, पाणी असलेल्या शंभर भांड्यांपैकी किती भांड्यांत सापडल्या तो भांडे निर्देशांक, आणि शंभर घरांमागे अळ्या असलेली एकूण भांडी किती तो ब्रेटो निर्देशांक. प्रस्तावात यांपैकी मुख्य कोणता हे आधीच लिहावे. तिन्ही मोजावेत, पण निष्कर्ष एकावर बेतावा.

समजा, आपल्या भागात घर निर्देशांक २० टक्के असावा असा जुन्या नोंदींवरून अंदाज आहे आणि आपल्याला तो ५ टक्के कमी-अधिक एवढ्या अचूकतेने मोजायचा आहे. सामाजिक वैद्यकशास्त्राच्या वर्गात शिकवले जाणारे साधे सूत्र घेतले, तर ४ गुणिले २० गुणिले ८० भागिले ५ चा वर्ग, म्हणजे २५६ घरे येतात. परंतु आपण घरे सुटी सुटी निवडत नाही, गल्ल्या किंवा वॉर्ड निवडतो, आणि एका गल्लीतील घरे एकमेकांसारखी असतात, कारण त्यांना पाणी एकाच दिवशी येते. म्हणून ही संख्या साधारणतः दुप्पट धरतात, म्हणजे ५१२. त्यात कुलूपबंद घरांसाठी दहा टक्के मिळवले की सुमारे ५६० घरे होतात. दोन गावांची तुलना करायची असेल तर सूत्र वेगळे लागते, आणि ते संख्याशास्त्रज्ञाकडून करून घ्यावे. अर्ज पाठवल्यानंतर त्याच्याकडे जाण्यात काही अर्थ नसतो.

महिन्याचा विचार कागदावर सोपा वाटतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा डेंग्यूचा जोर वाढण्याचा काळ, म्हणून फेऱ्या तेव्हाच ठेवाव्यात असे कोणीही लिहील. प्रत्यक्षात मंजुरीपत्र दिवाळीच्या तोंडावर येते, पहिला हप्ता डिसेंबरात जमा होतो आणि तोपर्यंत हंगाम उलटलेला असतो. हे माझ्या बाबतीत दोनदा घडले. आता मी वेळापत्रकात महिन्यांची नावे न लिहिता ‘पहिला हप्ता मिळाल्यानंतरचा पहिला पावसाळा’ असे लिहितो, आणि त्याआधी करता येईल असे काम, म्हणजे उन्हाळ्यातील टँकरच्या काळातील भांड्यांची गणना, पहिल्या टप्प्यात ठेवतो. मराठवाड्यात ही गणना वाया जात नाही, कारण साठवणीची भांडी सर्वाधिक असतात ती एप्रिल-मे महिन्यांतच.

तपासणीची पद्धतही दोन ओळींत न उरकता नीट वर्णन करावी. हौदाचे झाकण काढताच आत डोकावले की सावली पडते आणि अळ्या झरकन तळाशी जातात. नवख्या सर्वेक्षकाला पाणी स्वच्छ दिसते आणि तो ‘अळी नाही’ अशी नोंद करून पुढे जातो. म्हणून झाकण बाजूला सारून दोन-तीन मिनिटे शांत उभे राहावे आणि श्वासासाठी अळ्या पुन्हा वर आल्या की बॅटरीच्या उजेडात पळीने पाणी उचलून पांढऱ्या ट्रेमध्ये ओतावे. ही दोन-तीन मिनिटे आपल्या कार्यपद्धतीत लिहिलेली असली, तर वाचणाऱ्याला कळते की या मनुष्याने हौदात खरोखर डोकावले आहे.

चौथी पायरी: परवानग्या आणि नैतिक समिती

आरोग्य विभागाच्या दृष्टीने मराठवाडा दोन परिमंडळांत विभागलेला आहे. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी व हिंगोली एका परिमंडळात, तर लातूर, धाराशिव, बीड व नांदेड दुसऱ्यात. ग्रामीण भागासाठी जिल्हा आरोग्य अधिकारी व जिल्हा हिवताप अधिकारी यांचे आणि शहरासाठी महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या आरोग्य विभागाचे पत्र अर्ज करण्यापूर्वीच घ्यावे. ‘मंजुरी मिळाल्यावर परवानगी घेऊ’ असे म्हणणारा अर्ज कच्चा समजला जातो. पत्र मागायला जाताना दोन पानी सारांश मराठीत न्यावा, कारण तो वाचणारे अधिकारी, त्यांचे आरोग्य सेवक आणि गावातील आशा यांच्या मदतीशिवाय हे काम होणार नाही. आशांचा वेळ घेणार असाल तर त्याचा मोबदला अंदाजपत्रकात दाखवावा. त्यांच्या डोक्यावर आधीच नोंदवह्यांचा ढीग आहे.

‘आम्ही रक्त घेत नाही, फक्त भांडी पाहतो, त्यामुळे नैतिक समितीची गरज नाही’, असे अनेक जण परस्पर ठरवून टाकतात. सूट द्यायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार समितीचा आहे, संशोधकाचा नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार ज्या संस्थेत स्वतःची समिती नाही, तिला दुसऱ्या संस्थेच्या समितीशी लेखी करार करून तिची मान्यता घेता येते. त्यामुळे प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी वेळीच संपर्क साधावा. संमतीपत्र बोलीला जवळ जाईल अशा साध्या मराठीत असावे. तांड्यावर काम असेल तर ते गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, समजावून सांगणारी व्यक्ती सोबत घ्यावी.

समितीसमोर एक प्रश्न हमखास निघतो: अळ्या सापडल्यावर आपण काय करणार? नुसती नोंद करून निघून जाणे योग्य नाही, आणि सगळ्या अळ्या नष्ट करून टाकल्या तर पुढच्या फेरीत मोजायचे काय, हाही पेच आहे. त्यावर मला पटलेला मार्ग असा, की नोंद पूर्ण झाली की घरातील बाईंना ट्रेमधील अळ्या दाखवाव्यात, हेच डास होणार आहेत हे सांगावे, त्यांच्या संमतीने ते भांडे रिकामे करावे किंवा हिवताप कार्यालयामार्फत त्यावर उपाय करवून घ्यावा, आणि हे सर्व घरांत, दोन्ही गावांत, सारखेच केले जाईल असे प्रस्तावात लिहावे. पुढची फेरी किती दिवसांनी घ्यायची, ते त्यानुसार ठरते.

येथे एक जुनी गोष्ट आठवते. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी पाहिले. मराठवाडा तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात होता. ज्या हुसेन खान नावाच्या रुग्णाला त्यांनी डास चावू दिले, त्याला डासामागे एक आणा दिल्याची नोंद आहे. आजच्या नैतिक समितीसमोर तो आणा मोबदला की आमिष, यावर तासभर चर्चा झाली असती.

पाचवी पायरी: अंदाजपत्रक

वरच्या ५६० घरांच्या तीन फेऱ्या धरल्या तर १,६८० भेटी होतात. दोघांचा एक गट दिवसाला नीट तपासून ३० घरे करू शकतो, म्हणजे ५६ दिवस. दोघांचे मिळून ११२ मनुष्यदिवस आणि ६०० रुपये रोजाने ६७,२०० रुपये झाले. जाण्यायेण्यास दिवसाला ३०० रुपये धरले तर १६,८०० रुपये. येथेच ८४,००० रुपये संपले आणि अजून एकही बॅटरी, ट्रे, कुपी, लेबल किंवा छापील नमुना घेतलेला नाही. अनुदानाची कमाल मर्यादा ५०,००० असेल तर तीन फेऱ्यांचे स्वप्न सोडून द्यावे, किंवा प्रश्न आणखी लहान करावा. रोजाचा दर कमी लावून हिशेब बसवू नये. परीक्षकांना ते कळते, आणि सर्वेक्षकही दुसऱ्या आठवड्यात यायचे बंद होतात. रोजाचा दर संस्थेने मान्य केलेला असावा, वरचे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.

खर्चाचे शीर्ष कोणते, हा क्षुल्लक वाटणारा प्रश्न पुढे फार त्रास देतो. एका प्रकल्पात मी बॅटऱ्या व हातभिंग ‘उपकरणे’ या शीर्षाखाली घेतले, मंजुरी मात्र केवळ ‘उपभोग्य वस्तू’ या शीर्षाला होती. रक्कम दोन हजारांच्या आतली होती, परंतु लेखाशाखेचा आक्षेप मिटेपर्यंत दुसरा हप्ता पाच महिने अडकून पडला आणि त्या काळात सर्वेक्षकांचा रोज मला घरातून द्यावा लागला. मंजुरीपत्रातील शीर्षांची यादी खरेदीपूर्वी लेखापालासोबत बसून वाचावी, आणि संस्थेला शासकीय ई-बाजारपेठेतूनच, म्हणजे जेममधूनच, खरेदी बंधनकारक आहे का हेही विचारून घ्यावे.

सहावी पायरी: अर्ज लिहिणे, पाठवणे आणि त्यानंतर

अर्जाचा नमुना प्रत्येक योजनेचा वेगळा असतो, त्यामुळे त्याविषयी थोडेच सांगतो. पार्श्वभूमीत जगभरातील डेंग्यूची आकडेवारी भरण्याऐवजी आपल्याच तालुक्याच्या नोंदी, जिल्हा हिवताप कार्यालयातून मागून, त्यांच्या परवानगीने वापराव्यात. उद्दिष्टे दोनच असावीत. सारांश सर्वांत शेवटी लिहावा आणि तो या विषयाबाहेरच्या एका व्यक्तीला वाचायला द्यावा. डास ओळखण्याचे काम कोण करणार हे नावानिशी लिहावे. अळी एडिसची आहे की क्युलेक्सची, हे ओळखणारे कोणी आपल्या गटात नसेल तर प्राणिशास्त्र विभागातील सहकाऱ्याला सहसंशोधक करून घ्यावे. पोर्टलवर अर्ज अखेरच्या दिवशी भरू नये आणि संस्थाप्रमुखांची सही-शिक्क्यासह पत्रे आठ दिवस आधी तयार ठेवावीत, कारण ज्या दिवशी सही लागते त्या दिवशी साहेब मुंबईला बैठकीला गेलेले असतात.

नकार आला तर परीक्षकांचे अभिप्राय लेखी मागावेत. ते मिळतीलच असे नाही, परंतु मिळाले तर तोच प्रस्ताव दुरुस्त करून पुढच्या वर्षी पाठवावा, नवा विषय शोधू नये.

मंजुरी आली तर प्रकल्पाचा हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवावा आणि प्रत्येक पावतीवर तिचे शीर्ष व गावाचे नाव त्याच दिवशी लिहून ठेवावे. रिक्षाच्या किंवा काळी-पिवळीच्या प्रवासाची पावती मिळत नाही, त्यासाठी संस्थेला चालणारा स्वयंघोषणेचा नमुना आधीच मागून घ्यावा. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. केंद्राच्या अनुदानात त्यानंतर खर्चाचे विवरण आणि सर्वसाधारण वित्तीय नियमांतील १२-अ नमुन्यातील उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि न खर्चलेली रक्कम व तिच्यावरील व्याज दाखवावे लागते. हे प्रमाणपत्र वेळेत गेले नाही तर पुढचा हप्ता तर थांबतोच, शिवाय आपल्याच संस्थेतील पुढच्या अर्जदाराचीही अडचण होते.

अंतिम अहवालाची एक प्रत जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांना द्यावी आणि ज्या गावात काम केले तेथील ग्रामसभेत दहा मिनिटे मागून निष्कर्ष सांगावेत. तेव्हा सोबत तोच पांढरा ट्रे, त्यात थोडे पाणी आणि त्याच सकाळी गावातील एखाद्या हौदातून घेतलेल्या चार अळ्या न्याव्यात. हौद कोणाचा, हे मात्र सांगू नये.